फलकाच्या सावलीत झोपलेली तीन कुत्री

महामार्गांवरची विश्रांतीस्थळं आखणाऱ्या, त्यांची कंत्राटं देणाऱ्या आणि ती चालवणाऱ्या सर्वांना खुलं पत्र

स. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात, दुपारी सव्वाच्या सुमाराला, मी तुमच्यापैकी एकाच्या दारात उभी होते. हातात पट्टा, पट्ट्याला आमची कुत्री ठमी, आणि समोर नवा कोरा फलक: ‘पाळीव प्राण्यांना परिसरात सक्त मनाई.’ खाली बारीक अक्षरात ‘आदेशावरून’. कोणाच्या आदेशावरून, ते नव्हतं. फेब्रुवारीत आम्ही तिथेच, मागच्या कडुनिंबाखाली अर्धा तास बसलो होतो. चहा घेतला होता, ठमीनं पाणी प्यायलं होतं आणि कोणी काही म्हटलं नव्हतं.

गंमत अशी की त्या फलकाची जी वीतभर सावली पडली होती, तिच्यात तीन गावठी कुत्री अंगाची मुटकुळी करून झोपली होती. मी पहारेकऱ्याला ती दाखवली. बिचारा ओशाळला. म्हणाला, “ती पाळीव नाहीत ना मॅडम. ती इथलीच आहेत.”

म्हणजे गळ्यात पट्टा, अंगावर महापालिकेचा बिल्ला आणि पिशवीत रेबीजच्या लशीचं कार्ड असलेली कुत्री बाहेर. आणि ज्यांना कधी सुई लागली की नाही हे कोणालाच ठाऊक नाही, ती आत. त्या तिघांना हाकला असं मी मुळीच म्हणत नाही. ती तिथली आहेत, राहू द्या. पण फलक लिहिणाऱ्यानं नेमका कशाचा विचार केला होता, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या ठिकाणाचं नाव मी लिहीत नाही, रस्त्याचंही नाही. आम्ही वर्षात चार-पाच महामार्ग तुडवतो आणि असे फलक मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलेत. शिवाय पहारेकऱ्याची नोकरी जावी अशी माझी इच्छा नाही.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी नाशिकची निवृत्त शिक्षिका. आमचे हे एसटीच्या कार्यशाळेत एकतीस वर्षं होते, त्यामुळे निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात. एक जुनी ओम्नी घेतली, मागची सीट काढली, फळी टाकली, फळीखाली डबे आणि पाण्याचा कॅन, टपाला पांढरा रंग, आत बॅटरीवर चालणारे दोन पंखे. ठमीसाठी रबरी चटई आणि तिच्या छातीपट्ट्याला अडकवायला जमिनीत पक्का हूक, म्हणजे ब्रेक लागला तरी ती पुढे फेकली जाणार नाही. मुलगी याला ‘व्हॅन लाइफ’ म्हणते. हे म्हणतात, “कसली लाइफ, विंचवाचं बिऱ्हाड.”

बिऱ्हाड हौसेचं आहे, पण नुसत्या हौसेचं नाही. सासूबाई नागपूरला असतात, वय चौऱ्याऐंशी. दोन-अडीच महिन्यांनी जावंच लागतं आणि गेलं की आठ-दहा दिवस मोडतात. ठमीला एकदा पाळणाघरात ठेवून पाहिलं. दिवसाला सहाशे रुपये आणि पाच दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. रेल्वेनं न्यायचं तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे आपल्या नावावर हवा, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या लोखंडी पेटीत तिला एकटीला बसवायचं. पेन्शनीत पहिलं जमत नाही आणि दुसरं मनाला पटत नाही. उरली ओम्नी. सासूबाई स्वतः कुत्र्याला शिवत नाहीत, पण निघायच्या आदल्या दिवशी फोनवर पहिला प्रश्न असतो, “काळी येऊन राहिली ना संग?”

ही काळी, म्हणजे ठमीच, आम्हाला २०१७च्या पावसाळ्यात एका ढाब्यामागे सापडली होती. तुमच्यासारख्यांच्याच परसातली ती लेक आहे म्हणा.

आता त्या दुपारकडे येते, कारण हे पत्र तिच्यामुळे आहे.

आम्ही पाळी लावली. हे आत जाऊन जेवून आले, मी ठमीला घेऊन गाडीच्या सावलीत बसले; मग मी गेले. मी हात धुऊन बाहेर येते तर शेजारच्या पांढऱ्या गाडीजवळ हे घामाघूम होऊन काच ठोकत होते. आत एक पग. कुटुंबाला आमच्यासारखंच दारात अडवलं होतं आणि “गाडीत ठेवा, काच जरा खाली करा” असा सल्ला मिळाला होता. त्यांनी तो ऐकला. काच दोन बोटं खाली होती. कुत्रं सीटवर आडवं, जीभ जांभळट, तोंडातून फेस.

गाडीचा नंबर माइकवरून पुकारायला सांगितला. माइक बंद होता. मी टेबलाटेबलापाशी जाऊन विचारत फिरले, तेव्हा ते सापडले. दोन लहान मुलं, एकाच्या हातात आइसक्रीम. बाप धावत आला, दार उघडलं. आम्ही पगला आमच्या गाडीच्या सावलीत घेतलं, कॅनमधलं पाणी त्याच्या पोटावर, जांघेत, पावलांवर ओतत राहिलो, ह्यांनी पंख्याचं तोंड त्याच्याकडे वळवलं. जवळ जनावरांचा डॉक्टर कुठे आहे, हे काउंटरवर कोणालाच सांगता आलं नाही. शेवटी एका ट्रकवाल्यानं पुढच्या तालुक्याच्या गावचा दवाखाना सांगितला. तो रविवार होता. ते लोक गेले. पुढे काय झालं मला माहीत नाही. त्यांचा फोन नंबर घ्यायचं त्या गडबडीत सुचलं नाही, आणि ती रुखरुख अजून आहे.

त्या बापाला मी दोष देऊ शकते, आणि थोडा देतेही. पण त्याला दुसरा कोणता मार्ग तुम्ही ठेवला होता?

बंद गाडीचं गणित साधं आहे. बाहेर ३५ अंश असेल तर उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत ४५ होतात आणि अर्ध्या तासात पन्नाशी ओलांडते. काच बोटभर खाली केल्यानं फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून जेवढी उष्णता बाहेर पडेल तेवढीच. त्याचं नेहमीचं तापमान ३८-३९ अंश, ते ४१च्या वर गेलं की जिवावर बेततं. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातीला तर धापही धड टाकता येत नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात ३५ अंश म्हणजे सकाळचे दहा.

म्हणून माझं मुख्य म्हणणं एवढंच: बाहेर सावली न देता आत मनाई करणं म्हणजे प्रत्येकाला कुत्रं गाडीत कोंडायला सांगणं. तुमचा फलक तसं लिहीत नाही, पण तुमचा पहारेकरी तेच तोंडी सांगतो.

तुम्ही म्हणाल, हॉटेल आमचं, कोणाला घ्यायचं ते आम्ही ठरवू. नाही पटत तर पुढे जा. गावातल्या हॉटेलाबाबत मी हे मुकाट्यानं मान्य करीन. जुन्या रस्त्यावर असंच चालायचं. जालना, मेहकर, कारंजा करत जायचो तेव्हा एका ढाब्यावर नाही म्हणाले तर दुसऱ्यावर बाज टाकलेली असायची आणि मालक न विचारता शिळी पोळी कुस्करून द्यायचा. पण प्रवेश-नियंत्रित द्रुतगती महामार्गावर पुढे कुठे जाऊ? दोन्ही बाजूंना कुंपण, कडेला गाडी उभी करायला बंदी (आणि ती योग्यच आहे, थांबलेल्या गाडीवर मागून ट्रक आदळल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो). समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. ११ डिसेंबर २०२२ला त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला, ५ जून २०२५ला शेवटचा इगतपुरी ते आमणे. सुरुवातीला तर या रस्त्यावर धड स्वच्छतागृहं नाहीत म्हणून माणसंच ओरडत होती. अशा रस्त्यावर तुमचा थांबा हे नुसतं हॉटेल राहत नाही, तो रस्त्याचाच भाग होतो. टोल आम्ही अख्ख्या रस्त्याचा भरतो.

आणि प्राण्यांसाठी काही करता येत नाही असंही नाही. त्याच समृद्धीवर वन्यप्राण्यांना इकडून तिकडे जाता यावं म्हणून वरून आणि खालून खास मार्ग बांधले आहेत. फार चांगलं काम आहे, मी त्याचं कौतुक चार लोकांना सांगते. फक्त नीलगायीसाठी पूल बांधणाऱ्या राज्यात कुत्र्यासाठी एक नळ का लागत नाही, हा प्रश्न मला प्रत्येक खेपेला पडतो.

आता तक्रारी, माझ्या वहीत जशा आहेत तशा.

पहिली, सावली. मोठमोठी वाहनतळं तुम्ही सिमेंटनं गुळगुळीत केलीत, झाड एक नाही. जे कडुनिंब, चिंच उरलेत त्यांच्याखाली कर्मचाऱ्यांच्या दुचाकी. दुपारच्या सिमेंटवर तळहात पाच सेकंद ठेवून बघा; नाही ठेववणार. त्याच्यावरून ठमीनं अनवाणी चालायचं. मी तिला उचलून नेते, वजन अठरा किलो, आणि माझे गुडघे काय म्हणतात ते मला माहीत.

दुसरी, पाणी. हात धुवायची बेसिनं छातीइतक्या उंचीवर. पाणी भांड्यात भरून न्यायला गेले तर “इथे भांडी धुवायची नाहीत.” वीस रुपयांची बाटली विकत घेऊन मी ती कुत्रीला पाजलीय आणि लोकांच्या नजरा सोसल्यात.

तिसरी जरा नाजूक आहे, पण बोलायला हवी. कुत्र्याला शी-शूला जागा लागते. ती नसेल तर ते कुठेतरी करणारच, आणि सगळेच मालक माझ्यासारखी पिशवी खिशात घेऊन फिरत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक आहे. तुमच्या हिरवळीवर, मुलांच्या घसरगुंडीपाशी घाण झाली की तुम्ही चिडता आणि फलक लावता. तुमचं चिडणं बरोबर आहे, पण उपाय चुकतोय. एका कोपऱ्यात जाळीचं कुंपण, त्यात माती, एक कचऱ्याचा डबा. ह्यांनी नाशिकच्या हार्डवेअर दुकानात बसून भाव काढला: तीस फूट बाय वीस फूट जागा, पाच फूट उंच तारेची जाळी, लोखंडी खांब, एक फाटक, गुडघ्याएवढ्या उंचीवर एक नळ आणि त्याखाली सिमेंटचं छोटं कुंड. चाळीस हजारांच्या आत. एका शनिवारी तुमच्याकडे यापेक्षा जास्तीचा तर नुसता चहा विकला जात असेल. शिवाय कुंपण हे आमच्या लाडासाठी नाही. पट्टा सुटून घाबरलेलं कुत्रं ताशी १२० किलोमीटरच्या रस्त्यावर धावलं तर मरणारं ते एकटं नसतं.

चौथी, माहिती. तुमच्या भिंतीवर रुग्णवाहिका, क्रेन, पोलिस यांचे नंबर असतात. त्याच्याखाली एक ओळ वाढवा: जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, कोणत्या बाहेरमार्गावर, किती किलोमीटर, वेळ काय. तिथे पदवीधर डॉक्टर असतो की नाही, तेही लिहा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक मुख्यतः शेतकऱ्यांच्या गोठ्यासाठी आहे, तरी तोही लिहा. त्या रविवारी काउंटरवर एवढं जरी असतं तर एका ट्रकवाल्याच्या आठवणीवर आम्हाला अवलंबून राहावं लागलं नसतं.

पाचवी, मुक्कामाच्या जागा. हा भाग तुमच्यातल्या ज्यांच्या खोल्या आहेत त्यांच्यासाठी. बुकिंग करताना ‘पाळीव प्राणी चालतात’ असं वाचायचं, पैसे भरायचे आणि रात्री नऊला पोचल्यावर ऐकायचं, “लहान असेल तर चालेल,” नाहीतर “गावठी आहे का? आम्हाला वाटलं लॅब्राडोर असेल.” हे दुसरं वाक्य मी खरंच ऐकलंय. एकदा तर ठमीला रखवालदाराच्या खोलीत बांधा म्हणाले, खोलीचे पैसे मात्र तिचे जादा. आम्ही त्या रात्री गाडीतच झोपलो, पेट्रोल पंपावर, हवा भरायच्या यंत्राशेजारी. राज्यानं २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. तसं पार्क आमच्या वाटेवर अजून दिसलेलं नाही. आमचं पार्क म्हणजे पेट्रोल पंप.

आता तुमची बाजू. ती मला कळत नाही असं नाही.

कुत्र्याची भीती वाटणाऱ्या माणसाचा मला राग येत नाही. ज्याला लहानपणी कुत्रं चावलंय, ज्याच्या गावात कोणी रेबीजनं गेलंय, त्याला ‘आमची काही करत नाही हो’ म्हणणं हा उद्धटपणा आहे. जेवणाच्या हॉलमध्ये केस उडू नयेत हेही मान्य. मी आत येऊ द्या म्हणत नाहीच. वातानुकूलित हॉलही नको. बाहेर चार टेबलं, वर पत्रा किंवा झाड, खांबाला एक कडी. पट्टा नसेल तर हाकला, लसीचं कार्ड मागा, दंड करा. माझा दंड मी भरीन.

अभयारण्यांत कुत्री नेऊ नयेत, हाही नियम बरोबर आहे. २०१८मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह गेले, त्यामागे कुत्र्यांमधून पसरणारा डिस्टेंपरचा विषाणू होता. भंडारदऱ्याला काजवे बघायला आम्ही ठमीला नेत नाही. ते कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. फक्त हा फलक नाक्यावर पोचल्यावर न दिसता वीस किलोमीटर आधी दिसावा, म्हणजे माणूस परत फिरेल. नाक्यावर पोचलेला माणूस कुत्र्याला गाडीत कोंडून आत जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि आमच्यातलेही काही महाभाग आहेत. सहलीला कुत्रं नेतात, त्रास झाला की घाटातल्या वळणावर दार उघडून सोडून देतात. पावसाळ्यानंतर घाटांत गळ्यात पट्ट्याची खूण असलेली जातिवंत कुत्री हिंडताना दिसतात, ती आकाशातून पडलेली नसतात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०चा आहे. भुकेनं-तहानेनं हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं हा त्याच्या ११व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास! तुमच्या थांब्यावर त्यात दोन वडे तरी येतील का, विचारून बघते. हा आकडा बदलणं तुमच्या हातात नाही, पण तुमच्याकडे कॅमेरे आहेत. सोडून दिलेलं कुत्रं दिसलं तर चित्रण जपून ठेवा आणि मागितल्यावर पोलिसांना द्या, एवढं तुमच्या हातात आहे.

जाता जाता, राहवत नाही म्हणून: त्या दुपारी तुमच्या गल्ल्यामागे दत्ताची तसबीर होती. ताजा झेंडूचा हार. पायाशी चार कुत्री.

तर मागण्या.

कंत्राट देणाऱ्यांनी पुढच्या करारात स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी यांच्या जोडीनं सावलीची बाहेरची बैठक, जमिनीलगतचा नळ आणि कुंपणाचा कोपरा या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. एवढं होईपर्यंत सरसकट मनाईचे फलक उतरवावेत आणि त्या जागी ‘पट्टा आवश्यक, जेवणाच्या हॉलमध्ये प्राणी नकोत, उन्हात बंद गाडीत प्राणी ठेवू नका’ असं लिहावं. पहारेकऱ्यांना सांगावं की ‘गाडीत ठेवा’ हे उत्तर द्यायचं नाही. गाडीत कोंडलेलं कुत्रं किंवा मूल दिसलं तर काय करायचं, कोणाला बोलवायचं, हे त्यांना एकदा शिकवावं, आणि माइक चालू ठेवावा. पशुवैद्याची पाटी लावावी. तिला तर कराराचीही गरज नाही, एक खडू पुरतो. खोल्या देणाऱ्यांनी आकार, जात, जादा पैसे जे काय असेल ते बुकिंगच्या पानावर लिहावं. आणि तुमच्या परसातल्या, फलकाच्या सावलीतल्या त्या तिघांना रेबीजची लस टोचून घ्यावी. तुमच्या स्वयंपाकघरातल्या मुलांनी त्यांना नावं ठेवली असतीलच. ती नावं आणि तारीख एका वहीत लिहिली की झालं.

उत्तर मला पाठवू नका, फलकावर द्या.

दिवाळीच्या पाडव्यानंतर आम्ही पुन्हा नागपूरला निघतोय. पहाटे चारला निघू, म्हणजे उन्हाच्या आत निम्मी वाट सरते. ठमीचं भांडं, दोन कॅन पाणी, तिची चटई गाडीत आहेच. मधे एखाद्या थांब्यावर गुडघ्याएवढा नळ दिसला, तर तिथे चहा दोनदा घेऊ, असं ह्यांनी आत्ताच जाहीर केलंय.

आपली,
ठमीची आई
नाशिक